रंगाऱ्याचा नमुना

वूच म्हणजे होडी.
होडीच्या नावाचं शहर, आणि नदी मात्र
रस्त्याखाली पाइपात कोंडलेली.
बोगुमिल व्झोसेकची आजी सांगायची,
सोमवारी पाणी लाल, गुरुवारी निळं;
गिरणीत जो रंग, तो नदीचा वार.

हे तो मला सांगतोय सूक्ष्मदर्शकाशेजारी उभा राहून,
जिथे रुग्णांनी यायचं नसतं.
हट्टाने आलाय. म्हणाला,
माझा तुकडा मला दाखवा.

एकतीस वर्षं रंगखात्यात.
कोपरापर्यंत हात हौदात.
त्या पिवळ्या भुकटीचं नाव कुणी सांगितलं नाही,
त्यानेही विचारलं नाही; पगार शुक्रवारी व्हायचा.
पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा वाटलं,
आदल्या रात्रीचं बीटाचं सार.
तीन महिने तो बिटालाच दोष देत राहिला.

आता मूत्राशय नाही.
यकृतात दोन ठिपके. फुप्फुसातले
मोजणं आम्ही सोडून दिलंय.

मी पडद्यावर बोट ठेवते:
ही गाठ. आणि ह्या बारीक निळ्या पेशी
तुमच्याच, पहारेकरी.
आलेत, पण कुंपणाशी थांबलेत,
धाग्यांच्या ह्या दाट गुंत्याबाहेर.
आणि हा तपकिरी:
गाठीने दारावर लावलेली पाटी,
'घरचेच आहोत, पुढे जा.'
औषध ती पाटी झाकतं.
जिथे पाटीच फिकट, तिथे ते झाकणार काय?

तो चष्मा कपाळावर चढवून वाकतो.
बराच वेळ बघतो.
"तपकिरी कच्चा आहे," म्हणतो,
"तुरटी कमी पडली."

मला हसू येत नाही, कारण तो बरोबर असू शकतो.
मागे एकाच बाईचा तुकडा दोन प्रयोगशाळांनी रंगवला.
एकीने लिहिलं नऊ, दुसरीने एकतीस,
आणि सही दोन्हीकडे ठसठशीत.

मग त्याच्या जनुकांची यादी.
चुकाच चुका. इथे अक्षर गळलं,
तिथे दुसरंच येऊन बसलं;
भुकटीने हजेरीपट ठेवावा तसं सगळं नोंदलेलं.
पुढचं सांगताना माझी जीभ जड होते:
ही नासधूस तुमच्या बाजूची आहे.
वीण जितकी उसवलेली
तितकी पेशी परकी दिसते,
पहारेकऱ्याला ओळखू येते.

"म्हणजे मालकाने भरपाई दिली," तो म्हणतो.
"उशिरा का होईना."

संगणक हे सगळं गिळतो, कुंपण, पाटी, चुका,
वय, हिमोग्लोबिन, यकृतातले दोन ठिपके,
आणि आकडा टाकतो: शंभरात अडतीस.

"शंभर कोण?"

शंभर बोगुमिल कुठून आणू मी?
हा एकच आहे, कोटाच्या खिशात
सफरचंद घेऊन आलेला.
त्याच्यात अडतीस भाग बरा होणारा
आणि बासष्ट भाग न होणारा असं काही नाही.
होईल तर अख्खा. नाही तर अख्खा.

मला लुत्सिना ग्रोखाल आठवते, बेकरीतली,
शंभरात एकाहत्तर.
आम्ही सगळ्यांनी तो आकडा
वाढदिवसाच्या केकसारखा तिच्यापुढे ठेवला होता.
दुसऱ्या सलाइनची तारीख तिने पाहिली नाही.
आणि अकरावाला एक आहे,
दर सप्टेंबरात प्लमची बरणी पाठवतो.
त्या दोघांपैकी कुणाचंच मी ह्याला सांगत नाही.

उलट विचारते, तुमच्याकडे
रंग पक्का की कच्चा, कसं कळायचं?

"चिंधी कापायची. धुवायची. वाळवायची.
आणि मग उजेडात न्यायची."
थोडं थांबतो. "आधी सांगणारेही होते.
वास घेऊन सांगायचे. फोरमन त्यांचं ऐकायचा,
आणि तरी चिंधी धुवायचाच."

मंगळवारी पहिलं सलाइन. नऊ आठवड्यांनी स्कॅन.
तो सफरचंद माझ्या टेबलावर विसरतो,
किंवा ठेवतो.

संध्याकाळी नखांतला निळा निघता निघत नाही.
मी हात नळाखाली धरते.
पाणी भांड्यातून जाळीत, जाळीतून खाली,
जिथे जायचं तिथे जातं.
आज गुरुवार.